पेनिसिलिन खरंच अपघाताने सापडलं का?

प्रश्न असा आहे: "फ्लेमिंग सुट्टीवर गेले, खिडकी उघडी राहिली, बुरशीचा कण आत आला आणि पेनिसिलिन सापडलं, असं आम्हाला शिकवतात. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर औषध लोकांपर्यंत पोहोचायला पुढे पंधरा वर्षं का लागली?" विचारणारी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी तीस वर्षं फर्मेंटेशनमध्ये, म्हणजे टाक्यांत बुरशी-जिवाणू वाढवून औषधं काढण्याच्या धंद्यात, गेली, त्यातली निम्मी पेनिसिलिनच्या टाक्यांजवळ. निवृत्तीनंतर कॉलेजच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेतो. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी तासाची घंटा होते. इथे घंटा नाही, म्हणून ऐसपैस सांगतो.

आधी खिडकी. लंडनच्या पॅडिंग्टन भागात सेंट मेरीज हॉस्पिटल आहे, तिथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांची छोटीशी खोली होती. १९२८ च्या उन्हाळ्यात ते गावी गेले आणि ३ सप्टेंबरला परत आले. जाताना त्यांनी स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या पेट्री डिश (जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या काचेच्या थाळ्या) टेबलाच्या कडेला रचून ठेवल्या होत्या. परत आल्यावर त्या एकेक बघून लायसॉल या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये टाकायला घेतल्या. मर्लिन प्राइस हे त्यांचे जुने सहायक भेटायला आले, तेव्हा त्यांना दाखवायला म्हणून फ्लेमिंग यांनी ट्रेमधल्या वरच्या, अजून न बुडालेल्या डिश पुन्हा उचलल्या. त्यातल्या एकीत कडेला बुरशीचा ठिपका होता. त्याच्या आसपासच्या जिवाणूंच्या वसाहती विरघळल्यासारख्या, पारदर्शक झाल्या होत्या. लांबच्या वसाहती मात्र जशाच्या तशा.

ही बुरशी खिडकीतून आली, असं सगळीकडे छापलेलं असतं. पण त्याच खात्यात काम केलेले रोनाल्ड हेअर यांनी पुढे या गोष्टीचा कसून शोध घेतला. ती खिडकी उघडायला अवघड होती आणि सहसा बंदच असायची, असं त्यांचं म्हणणं. जिवाणूंवर काम करणारा माणूस रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून बसत नाही, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल. मग बुरशी आली कुठून? फ्लेमिंग यांच्या खालच्याच मजल्यावर ला टूश नावाचे बुरशीतज्ज्ञ होते. दम्याच्या रुग्णांच्या घरांतून बुरशी गोळा करून ते वाढवत होते. बीजाणू (बुरशीचे बियांसारखे कण) बाहेर उडू नयेत अशी सोय त्यांच्या खोलीत नव्हती. तेव्हा जिन्याने वर आलेले बीजाणू हेच जास्त संभवतं. म्हणजे तो कण रस्त्यावरचा कुठलाही नव्हता, माणसाने मुद्दाम जमवलेल्या बुरशींच्या संग्रहातला होता.

आता यातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग सांगतो, तो पुस्तकात एका ओळीतही येत नाही.

पेनिसिलिन तयार जिवाणूंना मारत नाही. जिवाणू वाढत असताना, म्हणजे स्वतःची पेशीभित्तिका बांधत असताना, ते त्या भिंतीचे सांधे जुळू देत नाही. भिंत कच्ची राहते, आत पाणी शिरतं आणि पेशी फुटते. ज्यांची भिंत आधीच बांधून झाली आहे आणि जे नुसते बसून आहेत, त्यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. आपल्या शरीरातल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून ते आपल्याला सोसतं.

याचा अर्थ असा की फ्लेमिंग यांच्या डिशमध्ये आधी जिवाणू वाढले आणि मग बुरशी पडली असती, तर काहीच दिसलं नसतं. बुरशी आधी वाढायला हवी होती. पण स्टॅफिलोकोकस एका रात्रीत दाट वाढतो आणि बुरशीला चार-पाच दिवस लागतात. मग हे उलटं कसं घडलं? हेअर यांनी त्या वर्षीच्या लंडनच्या हवामानाच्या नोंदी काढल्या. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लंडनमध्ये गारवा होता, त्यानंतर ऊन तापलं. गारव्यात, वीस अंशांच्या आसपास, बुरशी खुशाल वाढते आणि स्टॅफिलोकोकस रेंगाळतो. नंतर उकाडा वाढल्यावर जिवाणू वाढायला लागले, तोवर बुरशीचा रस आगरमध्ये (डिशमधल्या जेलीत) झिरपून तयार होता. शिवाय ती डिश इनक्युबेटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या ऊबदार पेटीत, गेलेली नसली पाहिजे. ३७ अंशांवर ठेवली असती तर एका रात्रीत खेळ संपला असता.

हे वाचून विश्वास ठेवू नका, करून बघा. आम्ही दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत करतो, कारण पुण्यात तेव्हा खोलीतलं तापमान आयतंच हवं तेवढं असतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस रोगकारक आहे, म्हणून आम्ही मायक्रोकोकस ल्युटियस घेतो. लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या, गोल वसाहती येतात आणि हा जिवाणू निरुपद्रवी आहे. एका डिशमध्ये आधी बुरशी लावतो, ती पाच दिवस बाहेर टेबलावर. कडा पांढरी आणि मध्ये शेवाळी हिरवट मखमल आली की बाजूने मायक्रोकोकसच्या रेघा ओढतो. दुसऱ्या दिवशी रेघा बुरशीपासून बोटभर अंतरावर थांबलेल्या दिसतात, जणू कुणी खोडरबर फिरवलाय. दुसऱ्या डिशमध्ये क्रम उलटा: आधी जिवाणू इनक्युबेटरमध्ये वाढू द्यायचे, मग बुरशी. तिथे आठवडाभर थांबलं तरी पिवळी गर्दी हलत नाही. दोन्ही डिश शेजारी ठेवल्या की मुलं गप्प होतात. त्या क्षणासाठी मी अजून कॉलेजात जातो.

(मायक्रोकोकसच का, याचं आणखी एक कारण आहे. फ्लेमिंग यांनी १९२१ च्या सुमारास स्वतःच्या सर्दीचा शेंबूड एका डिशवर टाकून बघितला आणि त्यात जिवाणू विरघळवणारं लायसोझाइम सापडलं. ज्यावर ते सापडलं, तो हाच पिवळा जिवाणू. म्हणजे १९२८ साली डिशमधल्या वसाहती विरघळलेल्या दिसल्या, तेव्हा असलं दृश्य त्यांनी सहा-सात वर्षं डोळ्यांखाली घातलेलं होतं. दुसऱ्या कुणी ती डिश "कंटॅमिनेट झाली" म्हणून धुवायला टाकली असती, आणि त्यात त्याची काही चूक नसती. आम्ही रोज तेच करतो.)

तर अपघात होता का? होता. पण त्यात खालच्या मजल्यावरचा संग्रह, गारव्याचे नऊ-दहा दिवस, इनक्युबेटरबाहेर राहिलेली डिश आणि लायसोझाइमवर तयार झालेली नजर, एवढं सगळं एकत्र आलं होतं.

आता दुसरा भाग: पंधरा वर्षं का?

फ्लेमिंग यांनी बुरशी द्रव माध्यमावर वाढवली. खालचा पिवळसर रस आठशेपट पातळ केला तरी स्टॅफिलोकोकसला थोपवायचा. सशाला टोचला, ससा ठणठणीत. मार्च १९२९ मध्ये त्यांनी या रसाला पेनिसिलिन हे नाव दिलं आणि त्याच वर्षी निबंध छापला. त्या निबंधाचं शीर्षक वाचलंत तर चकित व्हाल. त्यात भर आहे तो एका जिवाणूला इतरांपासून वेगळं करण्यासाठी पेनिसिलिन वापरण्यावर. शेतात तण मारून पीक राखावं तसं, डिशमधले नको ते जिवाणू मारून हवा तो राखायचा. प्रयोगशाळेतलं एक सोयीचं साधन म्हणून ते वापरलं जाऊ लागलं. आजारी उंदराला टोचून बघायचा साधा प्रयोग मात्र त्यांनी केला नाही.

यावरून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. कारण पेनिसिलिन हातात राहत नाही. त्यांचे दोन तरुण सहकारी, क्रॅडॉक आणि रिडली, यांनी रस आटवून बघितला. हाती आला टॉफीसारखा चिकट गोळा आणि त्याची शक्ती काही दिवसांत उतरून जायची. १९३२ मध्ये लंडनमध्येच हॅरॉल्ड रेस्ट्रिक यांच्या गटाने ते आम्ल करून ईथरमध्ये ओढलं. ईथर उडवल्यावर खाली पेनिसिलिनच नाही! रसायनात मुरलेल्या माणसाने हात टेकले, तिथे एका जिवाणूतज्ज्ञाने काय करावं?

ही अडचण मी जवळून बघितली आहे. आमच्या कारखान्यात एक्स्ट्रॅक्शनच्या (रसातून औषध वेगळं काढायच्या) मजल्यावर ब्युटाइल ॲसिटेटचा पिकल्या फळांसारखा वास भरलेला असायचा. ब्रॉथ (बुरशी वाढलेला रस) थंड करायचा, आम्ल घालायचं, त्या क्षणी पेनिसिलिन पाण्यातून सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे त्या ब्युटाइल ॲसिटेटमध्ये, जातं. पण आम्लात ते मिनिटामिनिटाला नासत असतं. म्हणून ब्रॉथ आणि सॉल्व्हंट यंत्रात गरागरा फिरवून काही सेकंदांत वेगळे करायचे आणि लगेच पुन्हा सौम्य अल्कलीच्या पाण्यात उतरवून घ्यायचं. चिलिंग प्लांट बंद पडला की वरिष्ठांचे चेहरे पांढरे व्हायचे. आमच्याकडे शीतयंत्रं होती, सेंट्रिफ्यूज होते. १९२९ साली त्या दोन पोरांकडे हॉस्पिटलच्या बोळातला नळ होता.

ही कोंडी फुटली ऑक्सफर्डमध्ये, १९३९-४० साली. सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीत हॉवर्ड फ्लोरी प्रमुख होते. अर्न्स्ट चेन हे बर्लिनहून नाझी राजवटीमुळे बाहेर पडलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याकडे होते आणि तिसरे नॉर्मन हीटली. हीटलींचं नाव पाठ्यपुस्तकात नसतं. माझ्या लेखी या सगळ्या कथेत सर्वात कसबी हात त्यांचा. ईथरमध्ये गेलेलं पेनिसिलिन ईथर न उडवता पुन्हा पाण्यात परत घ्यायचं, ही युक्ती त्यांची. वर लिहिलेली आमची सगळी यंत्रणा म्हणजे हीटलींच्या टेबलावरच्या बाटल्या आणि नळ्या, फक्त हजारपट मोठ्या केलेल्या.

२५ मे १९४०, शनिवार. आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा प्राणघातक डोस टोचला. चारांना पेनिसिलिन दिलं, चारांना नाही. हीटली रात्रभर थांबले. पहाटे साडेतीनपर्यंत न दिलेले चारही मेलेले, दिलेले चारही जिवंत. त्याच सुमारास डंकर्कहून इंग्रजांचं सैन्य माघारी येत होतं. जर्मन इथवर आले तर काय, म्हणून या मंडळींनी बुरशीचे बीजाणू आपल्या कोटांच्या अस्तरांना चोळून ठेवले. सगळं जाळावं लागलं तरी कोट घालून निसटलेला एक माणूस बुरशी पुन्हा उभी करू शकला असता. बीजाणू कोरडे राहिले तर पुष्कळ काळ टिकतात, त्यामुळे ही नुसती भावनेची गोष्ट नव्हती, हिशेब पक्का होता.

उंदरापासून माणसापर्यंत जायचं तर माणूस उंदराच्या तीन हजारपट वजनाचा. युद्धात काचेची भांडी मिळेनात. बुरशी उथळ भांड्यात, पृष्ठभागावर वाढते. हीटलींना हॉस्पिटलातली बेडपॅन सर्वात सोयीची वाटली. तशाच घडणीची चिनी मातीची भांडी त्यांनी मुद्दाम बनवून घेतली आणि सहा मुलींना ती पेरायच्या-काढायच्या कामावर ठेवलं. दुधाच्या बरण्या, पुस्तकांचं कपाट, न्हाणीतला टब, हाताला लागेल ते लावून पेनिसिलिन गाळण्याचा कारखाना उभा राहिला.

१२ फेब्रुवारी १९४१ ला अल्बर्ट अलेक्झांडर या त्रेचाळीस वर्षांच्या पोलीस शिपायाला पहिलं इंजेक्शन दिलं. चेहऱ्यावर आणि डोक्यात पू झालेला, एक डोळा काढावा लागलेला. चोवीस तासांत ताप उतरू लागला, भूक लागली. पण साठा संपत आला. शरीरात गेलेलं पेनिसिलिन मूत्रातून बरंचसं तसंच बाहेर पडतं. म्हणून त्याचं मूत्र गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायचे, त्यातून पेनिसिलिन काढून पुन्हा त्यालाच टोचायचे. पाच दिवसांनी तेही संपलं. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडतंय हे डोळ्यांनी दिसत असताना केवळ पुरेसं नाही म्हणून माणूस हातचा गेला. उत्पादनात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग एकदा नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं. "यील्ड" म्हणजे एका खेपेत निघणारं उत्पादन, हा आमच्या रोजच्या बोलण्यातला शब्द, आणि एका शिपायाचा जीव त्या शब्दावर गेला.

यील्डचा प्रश्न सुटला अमेरिकेत. जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन तिकडे गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी शेतीखात्याची प्रयोगशाळा होती. भोवती मक्याचाच मुलूख. मक्याचा स्टार्च काढताना मका भिजवून जे दाट, आंबूस पाणी उरतं, त्याचं करायचं काय हा तिथला जुना प्रश्न. अँड्र्यू मॉयर यांनी ते बुरशीच्या माध्यमात घातलं आणि पेनिसिलिन कित्येक पटींनी वाढलं. हेच ते कॉर्न स्टीप लिकर. आमच्या गोडाऊनलाही त्याची पिंपं यायची. तपकिरी, काकवीइतकं घट्ट, वास आंबलेल्या ताकाच्या भांड्यासारखा. कपड्याला लागलं की दोन धुण्यांत जात नाही.

मग आला दुसरा अपघात. मी याला अपघात म्हणायला कचरतो, कारण लोक मुद्दाम शोधत होते. जगभरातून मातीचे नमुने मागवलेले, बाजारातली सडकी फळं गोळा केलेली. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका बुरसलेल्या खरबुजावर सर्वात चांगली बुरशी मिळाली, पेनिसिलियम क्रायसोजेनम. तिच्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून आणखी जोरकस वाण निवडले गेले. फ्लेमिंग यांची बुरशी मिलिलिटरला दोन युनिटच्या (युनिट म्हणजे पेनिसिलिनच्या शक्तीचं माप) आसपास द्यायची, आजचे कारखान्यातले वाण पन्नास हजारांच्या पुढे जातात. आणि हे सगळे त्या खरबुजाचे वंशज. १ मार्च १९४४ ला ब्रुकलिनमध्ये फायझर कंपनीचा खोल टाक्यांचा, म्हणजे बुरशी पृष्ठभागाऐवजी टाकीभर द्रवात वाढवणारा, कारखाना सुरू झाला, तेव्हा बेडपॅन मागे पडली. जूनमध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांबरोबर पेनिसिलिन होतं.

आपल्याकडे ते बनू लागायला आणखी दहा वर्षं. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. या परिसरात फर्मेंटेशन जाणणाऱ्या माणसांची जी फळी तयार झाली, तिची सुरुवात तिथून. मला टाकीचा आवाज ऐकायला शिकवणारे वस्ताद तिथेच घडलेले होते.

टाकीवरून आठवलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या रात्रपाळीत एक बॅच गेली. तीस हजार लिटरची टाकी, वाढीचा तिसरा दिवस. पहाटे दोनला पीएच चढू लागला, तीनच्या नमुन्यात पेनिसिलिन आधीच्या नमुन्यापेक्षा कमी. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या धाग्यांमध्ये बारीक दांड्या वळवळत होत्या. एक जिवाणू आत शिरला होता आणि तो पेनिसिलिनेज सोडून आम्ही बनवलेलं औषध तिथल्या तिथे तोडत होता. सकाळपर्यंत शून्य. सगळी टाकी वाफेने उकळून नाल्याला. नंतर शोधलं तेव्हा सॅम्पलिंग व्हॉल्व्हच्या गॅस्केटला नखाएवढी चीर होती. १९२८ ची डिश आणि माझी टाकी, दोन्हीकडे नको असलेला पाहुणा आत आला. पहिल्याने औषध दिलं, दुसऱ्याने खाल्लं. म्हणून "प्रयोगशाळेत थोडा गबाळेपणा असावा, त्यातूनच शोध लागतात" असं कुणी मजेत म्हणालं तरी मला सोसत नाही.

जाता जाता, पालकांकडून येणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर: शिळ्या भाकरीवरची किंवा लिंबावरची हिरवी बुरशी जखमेला लावू नका. पेनिसिलियम हे मोठं घराणं आहे, त्यातले सगळेच पेनिसिलिन करत नाहीत, काही विषं करतात, आणि भाकरीवर एकटी तीच बुरशी नसते.

आता त्या पंधरा वर्षांतली एक बाब राहिली. १९३८ च्या सुमारास चेन यांनी फ्लेमिंग यांचा जुना निबंध वाचला आणि बुरशी हवी झाली. त्यासाठी लंडनला पत्र धाडावं लागलं नाही. फ्लेमिंग यांनी ती अनेकांना वाटली होती, त्यात ऑक्सफर्डचे प्राध्यापक ड्रायर होते. त्यांना ती वेगळ्याच कामासाठी हवी होती, ते काम जमलं नाही आणि १९३४ मध्ये ते वारले. पण त्यांच्या सहायक मार्गारेट कॅम्पबेल-रेंटन ती बुरशी जपत राहिल्या. जपणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ठरावीक दिवसांनी जुन्या नळीतून लूपने (तारेच्या फासाने) कणभर उचलायचं, नव्या स्लँटवर (नळीत तिरपं गोठवलेल्या आगरवर) रेघ ओढायची, कापसाचा बोळा ज्योतीवरून फिरवायचा, तारीख लिहायची, थंड जागी ठेवायची. त्यातून कुणाचा निबंध निघत नाही. कुणी विचारतही नाही. एक पाळी चुकली, तर नळी सुकते आणि वाण जातो.

एके दिवशी चेन यांना कॅम्पबेल-रेंटन बाई बोळातून बुरशीच्या बाटल्या घेऊन जाताना दिसल्या. त्यांनी विचारलं, हे काय आहे? त्या म्हणाल्या, फ्लेमिंगची बुरशी.